लेन बॅरेटची आई

हॉलिवूड, कॅलिफोर्निया
९ सप्टेंबर १९५८

प्रिय लिडा,

पत्राला उशीर झाला म्हणून शिव्या घालणार आहेस, तर आधी घालून घे आणि मग पुढं वाच. आमच्या काउबॉय मालिकेच्या पाचव्या वर्षाचं चित्रीकरण सुरू झालंय. सकाळी घोड्यावर बसतो तो ऊन उतरल्यावर खाली येतो. माझ्या मार्शलची ती फेंगडी चाल पाहून लोक म्हणतात, काय अभिनय आहे! अभिनय कसला, बुडावर फोड आलेत.

आईला टीव्हीवर मी नीट दिसतो ना? छपरावरची अँटेना वाऱ्यानं हलली असेल तर कुचेरा खाटकाला सांग, तो फिरवून देईल.

एक काम होतं. लहानपणी गावात तट्टू घेऊन एक फोटोग्राफर आला होता, आठवतं? ठिपक्याठिपक्यांच्या तट्टूवर बसलेला माझा तो फोटो आईच्या आरशाला खोचलेला असायचा. तेवढा पाठव. एका मासिकाला हवाय. काम झालं की परत पाठवतो, पण जरा घाई आहे.

आईला माझा पापा.

लाद्या


वेसेला, नेब्रास्का
१५ सप्टेंबर १९५८

लाद्या,

फोटो सोबत आहे. आईनं दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून, वर शिवणाचा दोरा गुंडाळून दिलाय. मागं तिनं पेन्सिलीनं लिहिलंय, 'लाद्या, पाच वर्षं, रडला नाही.' ते कोणाला पुसू देऊ नकोस म्हणाली.

मासिकाला हवाय म्हणे! ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस? आईनं अर्ध्या तासात ओळखलं. टीव्हीवर घोड्यावर बसणाऱ्या एकूण एक नटाला आतापर्यंत 'माणूस आणि त्याची माणसं' या कार्यक्रमात बसवून झालंय. आधी लहानपणचा फोटो दाखवतात. मग पडद्यामागून शाळेतल्या बाई येतात, लष्करातला दोस्त येतो आणि सगळ्यांत शेवटी आई येते. घरच्यांना म्हणे गुपचूप विमानानं नेतात. आता तुझी पाळी आलीय आणि तू साळसूदपणाचं सोंग घेतोयस, असं आईचं म्हणणं.

तिनं बॅग भरलीय. कोबाल्डच्या दुकानातून निळी टोपी आणलीय. फोन वाजला की कणकेचे हात तसेच घेऊन धावते. आरशासमोर उभी राहून इंग्रजीत 'मला फार आनंद झाला' म्हणायची तालीम चाललीय, आणि बासष्ट वर्षांची बाई स्वतःच्याच उच्चाराला हसते. खसखशीचं सारण भरलेले गोड पाव, कोलाच, विमानात नेऊ देतात का, हे तिनं मला तीनदा विचारलंय.

तेव्हा खरं काय ते मला एकटीला कळव. तसं काही नसेल तर आत्ताच सांग, म्हणजे मी तिची बॅग हळूहळू रिकामी करते.

लिडा


वेसेला
१६ ऑक्टोबर १९५८

लाद्या,

तू उत्तर पाठवलं नाहीस. का पाठवलं नाहीस ते काल संध्याकाळी कळलं, अख्ख्या अमेरिकेबरोबर.

फोन आला नाही तेव्हा आईनं स्वतःचीच समजूत घातली, की म्हाताऱ्यांना आता नेत नसतील, नुसता फोटो दाखवून नाव घेत असतील. तिला तेवढंही पुरे होतं. म्हणून तिनं माणसं बोलावली. बावीस जण होते. कुचेरा खाटीक आणि त्याची बायको, फादर ह्रुश्का, तुला अक्षरओळख करून देणाऱ्या डोलेझलबाई. सभागृहातून खुर्च्या आणल्या. तीन पराती कोलाच केले.

आणि मग तो फोटो आला. त्या फोटोत तट्टूचा लगाम धरून आई उभी होती, लाद्या. तुम्ही तिला कापून टाकलं. लगामावरचा हात तेवढा राहिला, मनगटापर्यंत. तो चकचकीत सूत्रधार म्हणाला, हा ओमाहाच्या अनाथाश्रमातला छोटा लेन, ज्याचे आईवडील तो दोन वर्षांचा असताना आगगाडीच्या अपघातात गेले. मग पडद्यामागून पांढऱ्या केसांची कोणी बाई आली. आश्रमातली दाई! 'माझा लेनी!' म्हणून तिनं तुला पोटाशी धरलं. आणि तू रडलास. तुला मी पाळण्यापासून रडताना पाहिलंय, तुझं खोटं रडू मला ओळखता येतं. काल तू खरं रडत होतास, नालायका. कोणासाठी रे?

आमच्या खोलीत कुचेरा म्हणाला, 'बाई काम मात्र झकास करते', आणि त्याच्या बायकोनं त्याला असा कोपर मारला की तो कळवळला. आई उठली. 'कॉफी कोणाकोणाला?' म्हणाली. बावीस पेले भरले, एक थेंब बशीत सांडला नाही. सगळे गेल्यावर तिनं भांडी घासली आणि बॅग उघडून कपडे जागच्या जागी ठेवले. मी मदतीला गेले तर म्हणाली, 'राहू दे, माझी मी भरली होती.'

आपले बाबा आगगाडीखाली गेले नाहीत. तीन महिने खाटेवर झिजून गेले, आणि तुझी पत्रं मी त्यांना वाचून दाखवत होते. हे तुला आठवतं, की त्याचाही कोणी दुसरा पाठ लिहून दिलाय?

फोन करू नकोस. फोनवर तू अभिनय करतोस. लिही.

लिडा


हॉलिवूड
२७ ऑक्टोबर १९५८

लिडा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा लाज वाटली. दुसऱ्यांदा राग आला, तो अजून उतरलेला नाही.

तिथं बसून नाकानं कांदे सोलणं सोपं आहे. मी इथवर कसा आलो हे एकदा तरी विचारलंस? सैन्यातून सुटलो तो न्यूयॉर्कला गेलो. तेव्हा टीव्हीवर नाटकं थेट दाखवायचे. माझी पहिली भूमिका प्रेताची. दिव्यांच्या भट्टीत वीस मिनिटं श्वास चोरून पडलो. नाकावर माशी बसली तरी हललो नाही, म्हणून पुढच्या आठवड्यात आणखी एक प्रेत मिळालं. मग इकडे आलो आणि तीन वर्षं घोड्यावरून पडून मेलो. कुठल्याही मालिकेच्या पहिल्या दहा मिनिटांत जो गोळी खाऊन पडतो ना, तो मी. लाडिस्लाव वोंड्रा हे नाव वाचून भूमिका देणारे विचारायचे, तू मूळचा कुठला? नेब्रास्काचा म्हटलं की हसायचे आणि 'पुढचा' म्हणायचे.

चोपन्न साली ही मालिका मिळाली त्याच आठवड्यात प्रसिद्धी खात्यातला फेल्प्स 'लेन बॅरेट' या नव्या नावाचा कागद घेऊन आला. इथं प्रत्येक नटाचा असा एक कागद असतो. नाव, गाव, उंची, छंद, आईबाप. अर्धंअधिक तेच लिहून आणतात, आपण सही करायची. आमचा खलनायक ब्रुकलिनच्या शिंप्याचा मुलगा आहे, कागदावर टेक्ससचा गुराखी आहे. फेल्प्सनं विचारलं, परदेशात कोणी नातेवाईक? मी म्हटलं, मामा, चेकोस्लोव्हाकियात पिल्सेनला, सरकारी कारखान्यात. तो खुर्चीतून उठलाच. तेव्हाचे दिवस आठव. कोणा कम्युनिस्टाच्या पत्त्याच्या वहीत नाव सापडलं म्हणून माणसांची कामं जात होती. तो म्हणाला, 'मामा कम्युनिस्टांकडे, आई त्याला दर महिन्याला पत्र लिहिते, बोलते अशी की काल जहाजातून उतरलीय. हा माझा मार्शल? आईच नसली तर मामाही नसेल.' मी सही केली. वाटलं, कागद आहे, पडेल कुठल्या तरी कपाटात.

मग तो कागद मालिकेला पैसे पुरवणाऱ्या, ओटचं खाणं विकणाऱ्या कंपनीला आवडला. आज त्यांच्या खोक्यावर माझं चित्र आहे, आणि देशभरातल्या आश्रमांतली पोरं मला पोतं पोतं पत्रं लिहितात. ती मला आपला मानतात, लिडा. त्यांना काय सांगू, मी थट्टा करत होतो?

आता कामाचं ऐक. न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रातल्या स्टॅगर नावाच्या बातमीदाराला कोणीतरी वेसेलाच्या शाळेचा जुना फोटो पाठवलाय. त्यात मी आहे आणि मागं माझं खरं नाव लिहिलंय. तू पाठवलास का? खरं सांग. नोव्हेंबरअखेरचा थँक्सगिव्हिंगचा सण झाला की तो गावात येणार. माझा करार डिसेंबरात नवा व्हायचाय, आणि त्यात कलम आहे की बदनामी झाली तर त्याच दिवशी हकालपट्टी. मला अडतीस लागलंय. या वयात परत प्रेताच्याही भूमिका मिळणार नाहीत.

डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आईला आयोवाला रोझामावशीकडे ने. शेजारपाजारचे तुझं ऐकतात, त्यांची तोंडं सांभाळ. नंतर माझी हवी तेवढी चामडी सोल.

लाद्या


वेसेला
३ नोव्हेंबर १९५८

लाद्या,

चोराच्या उलट्या बोंबा ऐकून होते, आज टपालानं आल्या.

मामाचं नाव पुढं केलंस ना? वाच्लावमामा पंचावन्नच्या मार्चमध्ये वारला. मी तुला चार पानी पत्र लिहिलं होतं. आई आठ दिवस जेवली नाही तेही लिहिलं होतं. उत्तर म्हणून तुझा सही केलेला फोटो आला. घोड्यासकट. खाली छापलेलं, 'तुमच्या प्रेमळ पत्राबद्दल आभारी आहे.' तो मी चुलीत घातला आणि आईला सांगितलं, लाद्याचं दुःखाचं पत्र आलंय.

त्याला साडेतीन वर्षं होऊन गेली. मामा मेल्यावर आईला परत जिवंत करायला काय हरकत होती? कोणी विचारलं नाही म्हणून राहून गेलं? नाही लाद्या. तोवर तुला ते अनाथपण मानवलं होतं. खोक्यावरचं चित्र मानवलं होतं. भीती गेली आणि सोय उरली.

शाळेचा फोटो मी पाठवला का, विचारतोस. नाही. पण ज्यानं पाठवला त्याला मी नावं ठेवणार नाही.

आईला मी आयोवाला नेणार नाही. पाहुणे आले की माळ्यावर टाकायला ती काही मोडकी खुर्ची नाही. ती कशी आहे हे तू पत्रात विचारलंसुद्धा नाहीस, तरी सांगते. तुझी मालिका लागली की उठते आणि कोंबड्यांना दाणे टाकायला जाते. त्या वेळी कोंबड्या केव्हाच झोपलेल्या असतात. ती खुराड्याशी दाण्याची बादली घेऊन अर्धा तास उभी राहते आणि शेवटचं संगीत ऐकू आलं की घरात येते.

माझी एक अट आहे. थँक्सगिव्हिंगला घरी ये. या स्वयंपाकघरात तिच्यासमोर बस आणि फेल्प्सनं जे लिहिलं ते स्वतःच्या तोंडानं तिला सांग. तेवढं केलंस तर त्या बातमीदाराला मी दारातूनच वाटेला लावीन. नाही आलास, तर तुझा बाप्तिस्म्याचा दाखला, शाळेची प्रगतिपुस्तकं आणि बाबांच्या मांडीवर बसलेला तू, सगळं या टेबलावर मांडून ठेवते आणि त्याला वर बदकाचं जेवणही घालते.

लिडा


हॉलिवूड
१४ नोव्हेंबर १९५८

लिडा,

थँक्सगिव्हिंगला मी न्यूयॉर्कच्या मिरवणुकीत आहे, ओटवाल्यांच्या रथापुढं घोड्यावर. उन्हाळ्यातच ठरलंय, नाही म्हणता येत नाही. नाताळला येतो. शपथ.

मामाचं मला खरंच ठाऊक नव्हतं. पत्रं ऑफिसातल्या मुली उघडतात आणि त्याच उत्तरं घालतात. हे वाचायला कसं वाटतं ते मला लिहितानाच कळतंय, पण खरं तेच आहे.

सोबत आईचं आयोवाचं तिकीट ठेवलंय, खिडकीजवळची जागा. या मालिकेवर साठ घरं जेवतात. तुझा राग माझ्यावर आहे, त्या साठ घरांवर काढू नकोस.

लाद्या


हॉलिवूड
९ डिसेंबर १९५८

माझ्या लाडक्या लिडा,

स्टॅगरचा लेख वाचलास? रविवारी आला. 'वेसेला गावातल्या अल्बिना वोंड्रा या विधवेला मी लेन बॅरेटचा फोटो दाखवला. तिनं शांतपणे सांगितलं की हा तिचा मुलगा नाही, तिला मुलगाच नाही. गावातल्या कोणीही वेगळं सांगितलं नाही. शाळेचा फोटो म्हणजे कोणाचा तरी आचरटपणा दिसतो.' फेल्प्सनं तो लेख जिन्यात उभं राहून मोठ्यानं वाचून दाखवला. काल करारावर सह्या झाल्या, आणखी दोन वर्षं!

आणि आपली आई! मी इतकी वर्षं अभिनय शिकतोय आणि खरी कलावंत तिथं कोंबड्या पाळतेय. न्यूयॉर्कच्या मुरलेल्या बातमीदाराच्या डोळ्यांत डोळे घालून तिनं मला वाचवलं. मला ठाऊक होतं ती वाचवेल. आईचं काळीज ते. तू उगाच महिनाभर आग पाखडत होतीस, तिनं मला केव्हाच माफ केलं होतं.

नाताळला यायचं मात्र जमत नाही असं दिसतं. करार नवा झाल्यामुळं आश्रमांच्या दौऱ्यावर पाठवतायत, ओमाहालाही. वसंतात नक्की. तिला सांग, लाद्या हे जन्मात विसरणार नाही. तिला काय हवं ते विचारून कळव. काहीही मागू दे.

तुझा, खूप आनंदात असलेला,
लाद्या


वेसेला, नेब्रास्का
१४ डिसेंबर १९५८

श्री. लेन बॅरेट यांस,

वरचं नाव चुकून पडलेलं नाही. त्याचं कारण शेवटी सांगते.

आधी माझी एक गोष्ट. शाळेचा तो फोटो मीच पाठवला होता. त्या कार्यक्रमानंतर दुसऱ्याच दिवशी, तुला पत्र टाकलं त्याच टपालपेटीत. मागच्या पत्रात तुझ्याशी खोटं बोलले. एकाच घरात वाढलो आपण, तू एकटाच शिकला असशील असं कसं होईल? मला वाटलं, बातमीदार येईल, खरं छापून येईल आणि आईला तिचा मुलगा परत मिळेल. झालं ते असं.

स्टॅगर एक डिसेंबरला आला, सोमवारी. बर्फातून चालत आलेला, मऊ बोलणारा माणूस. मी बोलल्याप्रमाणं दाखला, प्रगतिपुस्तकं, फोटो, सगळं टेबलावर मांडलं होतं. त्याचा कोट घ्यायला मी दारात गेले, तेवढ्यात आईनं सगळं गोळा करून पिठाच्या डब्यात टाकलं आणि झाकण लावून त्यावर हात ठेवून बसली. त्यानं खिशातून तुझा मार्शलच्या वेशातला फोटो काढला. विचारलं, 'बाई, हा तुमचा मुलगा का?'

आईनं चष्मा लावला. चांगलं मिनिटभर पाहिलं. मग त्या आरशासमोर घोटलेल्या इंग्रजीत म्हणाली, 'नाही. मला एकच मूल आहे. ते हे, तुमच्यामागं कोट घेऊन उभं आहे.'

तो मग कुचेराकडं गेला, डोलेझलबाईंकडं गेला. त्यांनी तेच सांगितलं. आईनं म्हटलं त्यापेक्षा निराळं या गावात कोण म्हणणार? मी सांगितलं नाही, कारण मला तोंडच उघडता आलं नाही. तो गेल्यावर मी म्हटलं, 'आई, वाचवलंस तू त्याला.'

'कोणाला?' ती म्हणाली.

'लाद्याला. खोटं बोललीस त्याच्यासाठी.'

तिला इतकी चिडलेली मी आजवर पाहिली नव्हती. पिठाच्या डब्यावर अशी थाप मारली की झाकण उडालं. 'शनिवारी पापांची कबुली देऊन आलेय मी फादरपाशी, आणि सोमवारी खोटं बोलेन? त्या माणसानं विचारलं, मी सांगितलं. मला मुलगा होता तो पाच वर्षांचा होता आणि रडत नव्हता. टीव्हीवरचा तो रडका कोण, मला ठाऊक नाही.'

तुझं पत्र काल आलं. मी तिला वाचून दाखवलं, सगळं. 'माफ केलं होतं' हे वाक्य तिनं पुन्हा वाचायला लावलं. मग टोपी घातली, ती निळी, आणि मला घेऊन फादर ह्रुश्कांकडं गेली. म्हणाली, लेन बॅरेटच्या आईसाठी मृतांची मिस्सा, चर्चमधली प्रार्थना, सांगायचीय.

फादरना घाम फुटला. म्हणाले, 'अल्बिना, जिवंत माणसासाठी मृतांची मिस्सा करता येत नाही. हे पाप आहे.'

'जिवंत कोण?' आई म्हणाली. 'त्या पोराची आई मेली. रुळावर मेली. लाखो लोकांनी ऐकलं, तुम्हीही ऐकलंत, माझ्या घरात माझे कोलाच खात. तेव्हा तुम्ही बोलला नाहीत. छत्तीस वर्षं झाली त्या बाईला जाऊन, आणि कोणी तिच्यासाठी एक मेणबत्ती लावली नाही. मुलगा लावत नाही, तर मी लावते. मला तिची दया येते.'

मग फादरनी वही काढली आणि शनिवार, वीस तारीख, सकाळी आठ, असं लिहिलं. कुचेराची बायको फुलं आणणार आहे. मिस्सा झाल्यावर मयताचं जेवण आमच्याकडं आहे, आई कालपासून बदकं साफ करतेय. अख्खा गाव येणार. माझ्यासाठीही काळा झगा काढून ठेवलाय, आणि मी तो घालणार आहे.

तू लिहिलंस, तिला काय हवं ते विचार, काहीही मागू दे. विचारलं. तिला एकच गोष्ट हवीय, आणि ती फक्त तुझ्यापाशी आहे. मिस्सा म्हणताना फादरना मृताचं नाव घ्यावं लागतं. त्यांनी आईला विचारलं, वहीत नाव काय घालू? आई म्हणाली, मी तिला ओळखत नाही, कॅलिफोर्नियाला त्या साहेबांना पत्र टाकून विचारा.

म्हणून हे पत्र. तुमच्या आईचं नाव काय होतं, ते शनिवारच्या आत कळवावं.

लुडमिला वोंड्रा